दर दोन राइडनी सैल होणारी चेन: एका क्वाडचं प्रकरण

गाडी ४५० सीसीची स्पोर्ट क्वाड, म्हणजे मोटारसायकलसारखी बसून चालवायची चार चाकांची गाडी. मागे दोन्ही चाकांना जोडणारा एकच सलग एक्सल, एकच स्विंगआर्म (एक्सल धरून वर-खाली डोलणारा दांडा) आणि चेन ५२० मापाची, ९४ कड्यांची. पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चक्र, १४ दात्यांचं, मागचं ३८. चालवणारा तरुण मुलगा, गाडीची मनापासून काळजी घेणारा. त्याची तक्रार एका वाक्याची होती: "काका, चेन मी स्वतः मापून लावतो, पुस्तकात दिलंय तेवढीच. तरी दोन राइडमध्ये लोंबायला लागते."

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण त्याने चूक म्हणावी अशी एकही गोष्ट निष्काळजीपणे केली नव्हती. मॅन्युअल वाचलं होतं, पट्टी लावून मोजलं होतं, टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराला 'टक' करणारा पाना, वापरला होता. इतकं करूनही चेन, पुढचं ऑइल सील (शाफ्टभोवती इंजिनचं तेल अडवणारी रबरी रिंग) आणि मागचे बेअरिंग या तिन्हींना झळ पोहोचली होती.

गाडी आली तेव्हाची स्थिती

मागचा भाग उचलून दोन्ही चाकं अधांतरी केली आणि चेनच्या खालच्या पट्ट्याच्या मधोमध अंगठ्याने वर-खाली करून झोल, म्हणजे ती एकूण किती हलते ते, मोजला. ५२ मिमी. त्याने दोन राइडपूर्वी, अशाच अवस्थेत, ३० मिमी ठेवला होता. पुढच्या स्प्रॉकेटच्या झाकणाखाली काळपट तेलाचा थर होता आणि त्यात धूळ चिकटून लगदा झाला होता. स्विंगआर्मवरच्या रबरी पट्टीत, म्हणजे चेन जिच्यावर घासते त्या स्लायडरमध्ये, खोल खाच पडली होती. मागचं चाक वरून आणि खालून धरून हलवलं तर अगदी बारीक 'टक' हाताला जाणवत होती.

तेल गळतंय म्हटल्यावर बहुतेकांचा हात आधी सीलकडे जातो. मी मुद्दाम सील शेवटी ठेवलं. चेन सैल होणं, तेल गळणं आणि बेअरिंगची टक ही तीन लक्षणं एकाच वेळी आली असतील तर त्यांना जोडणारं काहीतरी असतंच, ते आधी सापडायला हवं.

मी त्याला सांगितलं, "तू जसं करतोस तसंच माझ्यासमोर कर." त्याने गाडी स्टँडवरच ठेवली, कॅरिअरचे (एक्सल ज्यात बसतो त्या गोल भागाचे) बोल्ट सैल केले, कॅरिअर फिरवून झोल ३० वर आणला, बोल्ट टॉर्क रेंचने आवळले. हात स्वच्छ, पद्धत नीटनेटकी. मग मी गाडी खाली उतरवली आणि चाकं जमिनीवर टेकल्यावर त्यालाच पुन्हा मोजायला लावलं. झोल जेमतेम पाच मिमी उरला होता. तो सीटवर बसला तेव्हा मी अंगठा लावला. चेन सळईसारखी ताठ.

तो काही क्षण गप्प राहिला. पुस्तकातला ३० चा आकडा बरोबर होता, पण तो चाकं जमिनीवर टेकलेली असतानाचा होता. त्याच पानावर, आकड्याच्या वरच्या ओळीत, तसं लिहिलेलंही होतं. काही गाड्यांचं मॅन्युअल उचललेल्या अवस्थेतलं माप देतं, काहींचं टेकलेल्या. म्हणून आकड्याआधी त्याची अट वाचावी लागते.

आर्म हलला की चेन का ताणते

पुढचं स्प्रॉकेट ज्या शाफ्टवर बसतं तो शाफ्ट आणि स्विंगआर्म ज्या बोल्टवर डोलतो तो बोल्ट, म्हणजे पिव्हट, या दोन वेगळ्या जागा आहेत. स्प्रॉकेट थोडं पुढे असतं, पिव्हट थोडा मागे. एक्सल पिव्हटभोवती फिरतो, चेन मात्र स्प्रॉकेटपासून मोजली जाते. त्यामुळे आर्म वर-खाली झाला की स्प्रॉकेट आणि एक्सलमधलं अंतर बदलतं. स्प्रॉकेटचं केंद्र, पिव्हट आणि एक्सल हे तिन्ही एका सरळ रेषेत आले की हे अंतर सर्वांत जास्त होतं आणि चेन सर्वांत ताठ. आर्म त्या रेषेच्या खाली लोंबत असो वा वर दाबला गेलेला असो, चेन तुलनेने सैलच राहते.

या मुलाला मी कागदावर एक हिशोब करून दाखवला. समजा स्प्रॉकेट पिव्हटच्या ५० मिमी पुढे आहे आणि आर्मची लांबी ४८५ मिमी. सरळ रेषेत अंतर होईल ५३५. आर्म त्या रेषेच्या १० अंश खाली लोंबला तर अंतर होतं सुमारे ५३४.३. फरक फक्त ०.७ मिमीचा. इतक्या फरकाने काय होणार, असं कोणालाही वाटेल.

पण झोल सरळ प्रमाणात वाढत नाही. वरचा पट्टा ताठ असेल तर जादा लांबी सगळी खालच्या पट्ट्यात येते, आणि ताणलेली दोरी मधोमध ढकलली की लांबीतल्या अगदी थोड्या वाढीनेही ती बरीच बाजूला जाते. ५३५ मिमीच्या पट्ट्यात वर-खाली मिळून झोल साधारण १०७० गुणिले जादा लांबी, याचं वर्गमूळ. अंतर ०.७ मिमीने कमी झालं की चेनमध्ये १.४ मिमी जादा लांबी मोकळी होते, आणि त्यातून झोल निघतो ३८ मिमीच्या आसपास. म्हणजे अगदी ताठ चेन ते चांगली लोंबणारी चेन, हा सगळा प्रवास एक्सलच्या पाऊण मिमीत होतो. दोन्ही पट्टे एकमेकांना समांतर नसतात आणि स्लायडरही मध्ये येतो, त्यामुळे हिशोब ढोबळ आहे, पण गाडीवरची मापं त्याच्याशी जुळत होती.

याच हिशोबाने दुसरीही बाजू दिसते. चेन ३० वर लावली असेल आणि संपूर्ण चेनची लांबी फक्त १ मिमीने वाढली, तर झोल ४४ च्या आसपास जातो. ९४ कड्यांत १ मिमी म्हणजे प्रत्येक सांध्यात मिलिमीटरचा शंभरावा भाग. इतकी झीज डोळ्यांना कधीच दिसणार नाही. चेन 'ताणते' असं आपण म्हणतो, पण पोलाद काही रबरासारखं लांबत नाही. पिन आणि बुश यांच्यामधलं पृष्ठ झिजतं आणि ती फट ९४ वेळा जमा होते.

आता त्याच्या गाडीकडे. स्टँडवर ३० ठेवल्यावर टेकलेल्या अवस्थेत जवळजवळ शून्य, आणि माणूस बसून आर्म सरळ रेषेकडे सरकला की चेनला आणखी अर्धा मिमी लांबी हवी. ती कुठून येणार? पुढचा शाफ्ट वाकून, मागचे बेअरिंग दाबून, पिनांवर ओढ घेऊन. प्रत्येक उडी, प्रत्येक खड्डा म्हणजे शॉकअप दबताना चेनने शाफ्ट आणि एक्सल एकमेकांकडे खेचणं. अशा गाडीत शॉकअप पुरते दबतही नाहीत, मागचा भाग कडक वाटतो. "हो, मागून आपटते थोडी," तो म्हणाला. त्याला ते शॉकअपचं दुखणं वाटत होतं.

घट्ट चेन शांत वाटते, हे खरं दुर्दैव. सैल चेन खडखड करून सांगते तरी. अर्थात सैल चेनही क्षमा करत नाही. ती दात्यांवरून उडते, पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा होऊन इंजिनचं केसिंग फोडू शकते. म्हणून 'जरा सैलच बरी' हा सल्लाही मी देत नाही. आर्म सर्वांत ताठ जागी असताना चेनमध्ये थोडा झोल उरला पाहिजे आणि लोंबत असताना ती उडण्याइतकी मोकळी नको, या दोन्हींच्या मधली जागा फार अरुंद आहे.

अडीच फेऱ्यांचा पुरावा

ताण समजला, पण चेन पुन्हा सैल का होत होती हे अजून कळलं नव्हतं. उलट प्रश्न जास्त अवघड झाला. इतकी घट्ट लावलेली चेन दोन राइडमध्ये ५२ पर्यंत गेली कशी?

गाडी पुन्हा स्टँडवर घेतली. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल. चेनची कामं करताना इंजिन सुरू ठेवून चाक फिरवणाऱ्यांची बोटं गेलेली आहेत, तेव्हा चाक हातानेच फिरवायचं. टायरवर खडूने खूण केली आणि थोडं थोडं फिरवत जागोजागी झोल मोजला. एका ठिकाणी ३०, तर दुसऱ्या ठिकाणी ४१. एकाच चेनमध्ये ११ मिमीचा फरक.

आता हा घट्ट टप्पा कशामुळे? मागचं स्प्रॉकेट वाकडं असेल किंवा एक्सल वाकला असेल तर तो चाकाच्या प्रत्येक फेरीला, खडूची खूण त्याच जागी असताना यायला हवा. चेनच असमान झिजली असेल तर चेनचा एक पूर्ण वळसा झाल्यावर. ९४ भागिले ३८ म्हणजे चाकाच्या जवळपास अडीच फेऱ्या. मी सलग दहा फेऱ्या फिरवल्या. घट्ट टप्पा दर अडीच फेऱ्यांनी येत होता, खूण एकदा वर तर एकदा खाली. एक्सल आणि स्प्रॉकेट निर्दोष ठरले, चेन दोषी. या तपासणीला खडूशिवाय काही लागत नाही आणि ती फारच कमी लोक करतात, याची मला खंत वाटते.

चेन काढून रॉकेलमध्ये मऊ ब्रशने धुतली. तारेचा ब्रश ओ-रिंग (सांध्यातलं ग्रीस अडवणाऱ्या बारीक रबरी रिंगा) फाडतो, पेट्रोल रबर खराब करतं, म्हणून दोन्ही टाळायचे. धुतल्यावर तीन कड्या सलग अशा निघाल्या की वाकवल्या तर वाकलेल्याच राहत होत्या. त्यांच्या ओ-रिंग कोरड्या पडून चिरल्या होत्या, आतलं ग्रीस निघून गेलं होतं, पिन गंजली होती. मग चेन ताणून धरून २० कड्यांची लांबी पिनच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजली. ५२० चेनची एक कडी १५.८७५ मिमी, म्हणजे नव्या चेनमध्ये २० कड्या ३१७.५ मिमी. इथे एका भागात ३१८.४ आणि दुसऱ्या भागात ३२०.६ भरले. एकाच ठिकाणी मोजून 'चेन चांगली आहे' म्हणणं किती फसवं असतं ते यातून कळतं. पुढच्या स्प्रॉकेटचे दातेही एका बाजूला झुकून हुकांसारखे झाले होते.

चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदलायचं ठरलं. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन घातली तर ती लवकर त्या दात्यांसारखी होते, तिथे काटकसर करण्यात अर्थ नाही. चेन मोकळी असताना पुढचा शाफ्ट हाताने वर-खाली, आत-बाहेर हलवून पाहिला. खेळ जाणवला नाही, म्हणजे आतलं बेअरिंग वाचलं होतं. सीलची ओठासारखी कड मात्र एका बाजूला झिजली होती. सील आणि शाफ्टवरच्या कॉलरखालची ओ-रिंग बदलली. ही गाडी आणखी सहा महिने तशीच चालली असती तर इंजिन उघडावं लागलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

नवी चेन घातली. जोडकडीची क्लिप लावताना तिचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला ठेवलं, म्हणजे दगड-काटकीचा फटका बसला तरी ती उघडत नाही. चाकं टेकवून झोल ३० वर लावला. स्टँडवर नेऊन तोच झोल मोजला, ४५ भरला. शेवटी रॅचेट पट्ट्याने मागचा भाग खाली खेचत स्प्रॉकेट, पिव्हट आणि एक्सल एका रेषेत आणले. त्या सर्वांत ताठ जागी २३ उरले. हे करताना पट्ट्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, दाबलेल्या शॉकअपमध्ये बरंच बळ साठलेलं असतं.

मला वाटलं प्रकरण संपलं. ते संपलं नव्हतं.

रंगाची रेघ

पहिल्याच राइडनंतर टेकलेल्या अवस्थेतला झोल ३० वरून ४२ वर गेला होता. नवी चेन सुरुवातीला थोडी बसते, पिन-बुशवरचं खडबडीतपण घासून जातं, त्यामुळे दोन-चार मिमी मी धरूनच चाललो होतो. बारा फार होते. सुदैवाने सेटिंग केल्यावर मी कॅरिअर आणि स्विंगआर्म यांच्या सांध्यावर पांढऱ्या पेंट मार्करने एक आडवी रेघ ओढली होती. आता ती रेघ तुटली होती. कॅरिअरकडचा अर्धा भाग दीड मिमी सरकला होता.

हे ज्यांनी मोटारसायकलचीच चेन लावली आहे त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. मोटारसायकलवर एक्सलच्या दोन टोकांना दोन ॲडजस्टर असतात आणि ते सारखे फिरवले नाहीत तर चाक तिरकं बसतं. अशा क्वाडवर एक्सल एका गोल कॅरिअरमध्ये बेअरिंगवर बसतो आणि त्याचं भोक कॅरिअरच्या मध्यापासून थोडं बाजूला असतं. स्विंगआर्मचं मागचं टोक चिरलेल्या कड्यासारखं असतं, ते बोल्टने आवळून कॅरिअरला घट्ट पकडतं. बोल्ट सैल करून कॅरिअर फिरवला की एक्सल पुढे-मागे सरकतो. काही गाड्यांत यासाठी खास पाना असतो, काहींत भोकात पिन घालून गाडीच हाताने पुढे-मागे ढकलतात. एक्सल दोन्ही बाजूंनी एकत्रच सरकतो, म्हणून तिरका होण्याची भीती इथे नसते. पण चेनची सगळी ओढ झेलणारी गोष्ट एकच, कड्याची पकड. पकड कमी पडली तर चेन कॅरिअरला फिरवते आणि एक्सल पुढे येतो. कडेवर दीड मिमी म्हणजे एक्सलला अर्ध्या मिमीहूनही कमी, आणि वरच्या हिशोबाने तेवढ्यात झोल ३० चा ४२ होतो. बारा मिमीचा हिशोब तंतोतंत लागला.

बोल्ट तर टॉर्क रेंचने आवळले होते. मीही, त्यानेही. मग पकड का नव्हती? बोल्ट पूर्ण काढले. चिरेच्या फटीत वाळलेला चिखल दगडासारखा बसला होता, बोल्टच्या आट्यांत गंज आणि माती होती. रेंचने 'टक' केलं ते खरंच होतं, पण त्यातला मोठा वाटा गंजलेल्या आट्यांच्या घर्षणात आणि फटीतला चिखल दाबण्यात खर्च होत होता. कड्याची दोन तोंडं जवळ येतच नव्हती. टॉर्क रेंच बोल्टला लागलेला पीळ सांगतो, पकड सांगत नाही. आधीच्या वेळी मी कॅरिअर बाहेरून पुसला होता, फट पाहिली नव्हती. ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

आता सगळं एकमेकांत बसलं. मुलगा चाकं अधांतरी ठेवून चेन घट्ट लावायचा. बसल्यावर ती अतिताठ व्हायची. त्या ओढीने अर्धवट पकडलेला कॅरिअर थोडा थोडा फिरायचा आणि चेन स्वतःला मोकळं करून घ्यायची. तो पुन्हा घट्ट लावायचा. दर वेळी पहिल्या काही किलोमीटरमध्ये सील, बेअरिंग आणि पिना मार खायच्या, मग कॅरिअर सरकून थोडा दिलासा मिळायचा. सरकणाऱ्या कॅरिअरनेच पुढचं बेअरिंग वाचवलं असावं असं मला वाटतं. पकड पक्की असती आणि माप तेच चुकीचं राहिलं असतं, तर नुकसान जास्त झालं असतं. म्हणून दोन्ही दोष एकत्रच दुरुस्त व्हायला हवे होते.

कॅरिअर बाहेर काढला, फट आणि आतलं गोल पृष्ठ साफ केलं, आट्या स्वच्छ केल्या, बोल्ट नवे घातले. बाहेर काढलाच होता म्हणून बेअरिंग बोटाने फिरवून पाहिले. डावीकडच्यात खरखर होती, दोन्ही बदलले. पुन्हा टेकलेल्या अवस्थेत ३०, नवी रेघ.

पुढच्या राइडनंतर झोल ३३, रेघ अखंड. त्यानंतर ३४. मग तिथेच थांबला. तेलाचा ओलावा परत आला नाही. "मागून आपटत नाही आता," त्याने आपणहून सांगितलं, शॉकअपला कोणी हातही लावला नव्हता.

सीटच्या खालच्या बाजूला आम्ही मार्करने लिहून ठेवलं: जमिनीवर ३०, स्टँडवर ४५. हे आकडे त्या गाडीचे, तिच्या आर्मच्या लांबीचे आणि शॉकअपच्या उंचीचे आहेत. दुसऱ्या गाडीवर ते उचलून लावू नयेत, तिथे मॅन्युअलच्या अटीप्रमाणे एकदा लावून मग स्टँडवरचं माप स्वतः नोंदवावं. चिखलातून आल्यावर तो आता आधी चेन धुतो, ओ-रिंग चेनला चालणारं तेल लावतो, चाक फिरवून सर्वांत घट्ट टप्पा शोधतो आणि तिथेच मोजतो. मोजण्याआधी रेघ पाहतो. परवा त्याचा निरोप आला, रेघ जागेवर आहे आणि झोल ३६.